थट्टेचा मान

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, ‘टेकिंग द मिकी’ला मराठीत काय म्हणायचं? मी म्हणाले, “थट्टा करणे,” आणि तुम्ही “थँक यू आजी” म्हणून मोकळे झालात. फोन ठेवल्यावर मला ते उत्तर अपुरं वाटत राहिलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईने दोन शब्दांत हात झटकावेत हे बरं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. यात तुमच्या हदगावच्या आजीचा उल्लेख वारंवार येईल. त्याला माझा इलाज नाही. हा वाक्प्रचार मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्याच शेतात, आणि ऐकताना माझ्या पोटात जे दुखलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

तुमच्या मामाच्या लग्नासाठी तुम्ही इंग्लंडहून आलात तेव्हाची गोष्ट. हैदराबादला उतरून तुम्ही थेट हदगाव गाठलंत, कारण लग्नघर तिथे. लातूरला तुम्ही नंतर येणार होतात. मला धीर धरवेना. तुमच्या आजोबांना घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले, अहमदपूरला चहा घेतला, नांदेडला गाडी बदलली आणि दुपार उलटताना हदगावला पोचले. मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा होता. घरी कुणीच नव्हतं. सगळी मंडळी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्या पत्र्याच्या घराकडे हुरडा खायला गेली होती. आम्ही रिक्षाने तिकडे गेलो.

लांबूनच हसण्याचा आवाज आला. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजत होती, भोवती सगळे गोल करून बसले होते. दादा, तू गरम हुरडा तळहातावर घेतलास आणि तो चटकन भाजल्यामुळे एका पायावर नाचायला लागलास. मी उठून पाणी शोधणार, तोवर विहीणबाई, म्हणजे तुमच्या हदगावच्या आजी, उभ्या राहिल्या. त्यांनी पदर खोचला आणि त्या वयात, त्या शरीराने, बोटं फुंकत तुझ्यासारख्याच एका पायावर नाचल्या. तुझं ते “आउच, आउच” त्यांच्या तोंडी “आवच्या, आवच्या” असं झालं होतं. तू हसत हसत खाली बसलास आणि तुझ्या बाबांना म्हणालास, “आजी इज टेकिंग द मिकी आउट ऑफ मी.”

“काय म्हणून राहिलं गं ते?” विहीणबाईंनी तुमच्या आईला विचारलं.

“तू त्याची फिरकी घेतेस म्हणतोय.”

“मंग? आयती सापडली तर सोडतंय का कुणी?”

तेवढ्यात छकुली, तू उठलीस. आईची ओढणी डोक्यावर घेतलीस, बाजूला पडलेली चप्पल मोबाईलसारखी तोंडासमोर आडवी धरलीस आणि आखाडा दणाणून सोडलास, “हालोऽऽ, मी बोलून राहिले! ऐकू येऊन राहिलंय का? न्हाई? मंग ठेव!” विहीणबाई फोनवर हुबेहूब अशाच बोलतात. मला वाटलं, आता त्या रागावणार. त्या मांड्यांवर थापा मारून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत मला म्हणाल्या, “बगा ईनबाई, एवढीशी हाय, पर आजीला बाजारात विकून येईल.” तू जाऊन त्यांच्या मांडीवर बसलीस. त्यांनी तुझ्या तोंडात गूळ कोंबला, हातही न धुता.

मी सगळ्यांबरोबर हसले. डबा मांडीवरच होता. तो उघडायचं कुणाला सुचलं नाही आणि मलाही सांगवेना.

आता अर्थ. माझ्या जुन्या शब्दकोशात हा वाक्प्रचार नव्हता. आजोबांनी मोबाईलवर शोधून दिला. तो मिकी कोण यावर जाणत्यांचं एकमत नाही, पण त्या उंदराचा याच्याशी संबंध जोडू नका. एखाद्याच्या लकबीची, बोलण्याची, तोऱ्याची त्याच्या देखत गंमत करणे, असा त्याचा साधा अर्थ आहे. कुणाची केली ते ‘आउट ऑफ’ लावून सांगायचं. दुसराही एक उपयोग आहे. भाजीवाला मला कालची मेथी आजची म्हणून देतो, तेव्हा तुमच्याकडच्या बाईने ‘आर यू टेकिंग द मिकी?’ असं विचारलं तर चालेल. मी त्याला “मला वेड्यात काढतोस का?” असं विचारते.

आपल्याकडे यासाठी शब्दांची कमी नाही. थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर. पण हे सगळे एका मापाचे नाहीत. थट्टा-मस्करी समोरासमोर होते आणि झाल्यावरही माणसं शेजारी बसून जेवतात. टिंगल-टवाळी बहुधा पाठीमागे चालते. टर उडवतात ती चारचौघांत, समोरच्याला खाली पाडण्यासाठी. ‘लाफिंग स्टॉक’ हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचला असेल, त्याला आपण ‘हसं होणं’ म्हणतो. हसं झालेला माणूस एकटा असतो आणि बाकीचे सगळे एका बाजूला असतात. मिकीचं तसं नाही. तो फिरकीच्या शेजारी बसणारा आहे. फिरकी आपल्या माणसाची घेतात. ज्याची घेता येत नाही तो एक तर परका असतो, किंवा त्याची भीती वाटते.

हे शेवटचं वाक्य कुठल्याच शब्दकोशात नाही. ते मी हदगावहून परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून तयार केलं. शाळेत मी व्हरांड्यातून चालत निघाले की वर्ग एकामागून एक गप्प होत जायचे. मला त्याचं समाधान वाटायचं, आजही वाटतं. पण नातवंडांनी गप्प व्हावं असं मी कधीच ठरवलं नव्हतं.

लग्नाआधी तुम्ही दोन दिवस लातूरला आलात. मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं होतं, ते तुम्ही पाहिलंच. त्यात संध्याकाळच्या चहानंतर ‘गप्पा’ असंही लिहिलेलं होतं. तुम्ही दोघं बरोबर त्या वेळी सोफ्यावर येऊन बसलात, पाठ ताठ, हात मांडीवर. छकुली, तू विचारलंस, “आजी, तुम्ही लहानपणी कुठे राहत होतात?” क्रियापद अचूक होतं. दर रविवारी मोठ्यांना ‘अहो’ म्हणायचं मीच तुम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं आणि तुम्ही ते नीट शिकलात. हदगावच्या आजीला मात्र “अगं, तू गप गं” म्हणत होतात. त्यांनी तुम्हाला काहीच शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, आपणही प्रयत्न करून बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नाश्त्याला आला तेव्हा त्याचे केस सगळ्या दिशांना उभे होते. मी विहीणबाईंसारखी मान वाकडी करून म्हणाले, “काय रे, रात्री चिमण्यांनी घरटं बांधलं वाटतं डोक्यावर?”

दादाने चमचा खाली ठेवला. “सॉरी आजी,” म्हणाला, आणि आत जाऊन केस विंचरून आला. पाणी लावून, भांग पाडून. छकुलीनेही हळूच आपल्या वेणीवरून हात फिरवला.

आजोबा वर्तमानपत्रामागे लपले होते. पानं हलत होती, म्हणजे ते हसत होते. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, “अहो बाई, तुम्ही थट्टा केलीत की हजेरी घेतलीत?”

मी त्यांना धिरडं करपलं म्हणून सांगितलं आणि पाठ फिरवली. वाईट वाटलं ते तुमच्या वागण्याचं नाही. तुमच्यासारखी गुणी मुलं शोधून सापडणार नाहीत. पण एकच वाक्य हदगावात म्हटलं असतं तर दादा घरभर चिमणीसारखा उडाला असता, हे मला दिसत होतं. त्या क्षणी मला विहीणबाईंचा हेवा वाटला, आणि तो शेतीवाडीचा किंवा माणसांनी भरलेल्या घराचा नव्हता. त्यांच्याकडे असताना तुम्हाला आपण कसे दिसतो याचा विसर पडायचा, त्याचा होता.

लग्न मुरुडला होतं, मुलीच्या गावी. मुरुड म्हणजे आमच्या लातूरचं अंगण. मी मनाशी ठरवलं होतं की लग्न लागलं की तुम्हाला तिथूनच घरी घेऊन यायचं. तुमच्या परतीच्या विमानाला अजून चार दिवस होते. दोन दिवसांत जमलं नाही ते चार दिवसांत जमेल, असा माझा हिशेब होता. गाद्यांना नव्या चादरी घालून मी घराबाहेर पडले होते.

पंगती उठल्या. डीजेवाला जेवायला गेला आणि मंडपात एकदम शांतता झाली. ती संधी साधून मुलीकडच्या चार-पाच जुन्या बायका पुढे सरकल्या. आपल्याकडे विहिणींना गाण्यातून नावं ठेवायची रीत आहे. आता ती फारशी पाळत नाहीत, पण मुरुडच्या त्या बायकांनी सोडली नव्हती. नियम असा की जिला नावं ठेवली तिने रागवायचं नाही, उलट गाण्यातूनच परतफेड करायची. गप्प बसली ती हरली. विहीणबाई वरमाय म्हणून मधोमध बसल्या होत्या. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

*आली आली वरमाय, शालू नेसून झोकात,*
*जिलबी खाती पंगतीत अन् लाडू लपवी ओच्यात.*

विहीणबाईंनी लगेच उठून ओचा झाडून दाखवला. “बगा, एक बी न्हाई. समदे पोटात गेले.” मंडप हसला. तुम्ही दोघं सर्वांत पुढे होतात. छकुली खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती. मग विहीणबाईंनी मुलीच्या आईवर एक कडवं टाकलं, त्या बाईने त्यांच्यावर दुसरं टाकलं, आणि अशी दोन-तीन उत्तरं-प्रत्युत्तरं झाल्यावर त्यांची नजर मंडपभर फिरली. मी खांबाजवळच्या खुर्चीत होते. मीही त्यांची विहीणच की. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

*लातूरची ईन माझी, पेनाबिगर बसंना,*
*भाजीत बी चुका काढी, पर चुकून बी हसंना.*

मंडपात एवढा मोठा हशा मी कधी ऐकला नव्हता. माझ्या पर्समध्ये खरोखरच पेन होतं आणि ते पर्सच्या कप्प्यातून डोकावत होतं. तुमचे बाबा हसत होते. आजोबा तर उघडपणे हसत होते. मी तुम्हा दोघांकडे पाहिलं.

तुम्ही हसत नव्हतात. छकुली खुर्चीवरून खाली उतरली होती आणि तिने दादाचा हात धरला होता. दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत पुष्कळ पाहिलं आहे. काच फुटल्यावर मुलं असा चेहरा करतात. तुम्हाला माझी काळजी वाटत होती. मला लागलं असेल, मी आता उठून जाईन, बोलेन, कदाचित रडेनही, असं तुम्हाला वाटत होतं. विहीणबाईंच्या गाण्याने मला काहीच लागलं नव्हतं. जे लागलं ते तुमच्या चेहऱ्याने.

“ईनबाई, द्या की उत्तर. का हरल्या?” विहीणबाई म्हणाल्या.

मला एकही गाणं येत नव्हतं. कविता पुष्कळ येत होत्या, इंग्रजीतल्या, पण त्या तिथे काय कामाच्या? तरी मी उभी राहिले. गुडघ्याने कुरकुर केली. टाळीचा ठेका सुरू होता आणि मी सम यायच्या आधीच सुरुवात केली.

*हदगावच्या विहीणबाई, आवाज तुमचा मोठा…*

इथपर्यंत बरं होतं. पुढे ‘मोठा’ला जुळणारा शब्द सुचेना. बायका ठेका धरून थांबल्या होत्या. लोटा, गोटा, काहीच बसेना. आणि मग काही न ठरवता तोंडातून निघून गेलं, अर्धं गाऊन, अर्धं नुसतं बोलून,

*सगळी नातवंडं तुमच्या ओटीत, आमच्याच घरी तोटा.*

आधी लोक हसले ते माझ्या सुराला. तो सूर नव्हताच. मग ज्यांना शब्द कळले ते पुन्हा हसले. जरा वेळाने हसणं विरलं, कारण वयस्कर बायकांना त्यातलं पुढचंही कळलं. विहीणबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“जितल्या गं बाई. खरं बोलून जितल्या.”

तेव्हा छकुली, तू दादाचा हात सोडून माझ्याकडे आलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, “आजी, तू किती वाईट गायलीस!”

“खरंच इतकं वाईट होतं?” मी विचारलं.

“लई,” तू म्हणालीस. तो ‘लई’ हदगावचा होता, तरी मी घेतला.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्या तोंडावर मला असं काही म्हणालं नव्हतं. मला हसू आवरेना. मी खाली बसले आणि चष्मा काढून डोळे पुसले, तर दादा परत घाबरला. मग त्याला मी हसतेय हे दिसलं.

त्यानंतर सगळं माझ्या मनासारखं झालं असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. वऱ्हाड निघायच्या वेळी मी तुमच्या आईला विचारलं, “मुलांना इथूनच नेऊ का लातूरला?” तिने विहीणबाईंकडे पाहिलं. हदगावला नव्या जोडप्याची पूजा होती, मग गावजेवण होतं, आणि तुम्ही भाचरं, मामाच्या पूजेला तुम्ही नसून कसं चालेल? विहीणबाई म्हणाल्या, “तुमचीच लेकरं हायती ईनबाई, मी कोण धरून ठेवणारी? न्या.” त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. त्यामुळेच मला नेता येईना. शिवाय तुम्ही दोघं काय पाहत होतात ते मी पाहिलं. तुमची नजर ट्रॅव्हल्सच्या गाडीकडे होती. गाडीत मामेभावंडं खिडक्यांसाठी भांडत होती.

“जाऊ दे त्यांना,” मी म्हणाले. “पूजा चुकायला नको.”

विहीणबाईंनी माझा हात धरला आणि गाडीत चढल्या. त्यांच्या मागोमाग तुम्ही चढलात. मी आणि आजोबा खाली उभे राहिलो. चादरी घातलेल्या गाद्या मला दिसत होत्या. मला त्या बाईचा राग करायला काहीही कारण नव्हतं, आणि तरी मी तिच्या हिरव्या शालूकडे बघत होते ते तो राग धरायला जागा मिळावी म्हणून.

गाडी सुरू होता होता दादा दारात येऊन उभा राहिला. त्याने हनुवटी वर केली आणि नाकावरचा नसलेला चष्मा सारखा केला. मग दाराच्या कडीला एक बोट लावून गंभीर आवाजात म्हणाला, “गॅस बंद.” बोट पुढे सरकलं. “नळ बंद.” अजून पुढे. “गीझर बंद.” मग सावकाश वळून, आत बसलेल्या माणसांकडे न बघता, थेट खाली उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं, “अहो, चष्मा?”

मी घराबाहेर पडताना हेच करते. रोज, याच क्रमाने, दारातून. मला कल्पना नव्हती की कुणी बघत असतं. तुम्ही दोन दिवस होतात आणि त्या दोन दिवसांत आपण फार तर चार वेळा बाहेर पडलो असू.

आजोबांना रस्त्यातच हसू फुटलं. छकुली खिडकीतून ओरडली, “आणि किल्ली! दादा, किल्ली राहिली!” गाडी हलली, दादा पट्टा धरून आत गेला, आणि मागच्या सीटवरून विहीणबाईंचा आवाज आला, “काय रं, काय करून राहिला? आँ? काय बंद?”

त्यांना कुणी सांगितलं नाही. तुमच्या आईलाही ते ठाऊक नसावं, ती आमच्याकडे येते तेव्हा गडबडीत सर्वांत आधी बाहेर पडते. ते फक्त लातूरच्या घरात दिसतं, आणि ते तुम्ही दोघांनी कुणाच्याही मदतीशिवाय पाहिलं आणि उचललं. त्या रात्री मी चादरी घड्या घालून ठेवल्या, पण हात जड नव्हता.

तर अर्थ असा. ज्याचा मिकी काढायचा, त्याच्याकडे आधी नीट बघावं लागतं. मला वाटतं एवढं पुरे.

विहीणबाईंचा परवा फोन आला होता, सोयाबीन कसं गेलं ते सांगायला. बोलता बोलता म्हणाल्या, “ईनबाई, त्या दिशी गाडीत लेकरू ते काय करून राहिलं होतं? गॅस काय, नळ काय. लई हसले तुम्ही खाली. मला बी सांगा की.”

मी म्हणाले, “आवाज नीट येत नाही.” फोन ठेवला.

त्या तुम्हालाही विचारतील. सांगू नका.